अकरा टाके

तांडा, फुलसावंगीजवळ
९ नोव्हेंबर २०२५

निकिता,

आठवण करून देतो, तुले एक आजी हाय. रुपीबाई नावाची. तुह्या बापाची, फुलसिंगची माय. नाकात भुरिया, तोंडात दोन दात. डाव्या कानानं काईच ऐकू येत नाई, उजव्यानं साऱ्या तांड्याचं ऐकू येते. ओळख पटली असन त पुढचं वाच. दिवाळीले येतो म्हणून गेलती तू. दिवाळी येऊन गेली, फराळ संपला, डबे घासून झाले. मी तुले दोष नाई देत. एवढं शिक्षण डोक्यात भरलं त माणसं ठेवाले जागा कोठून उरन?

फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोन तुह्या बापाच्या खिशात राह्यते. तुहा फोन आला का तो स्पीकर करते, अन् मी हॅलो म्हणाच्या आंधी शेजारची चार घरं ‘कशी हाय वं निकिता’ म्हणून घेतात. ते बोलणं नाई, तो बाजार हाय. म्हणून बबिताले बसवलं. शेजारच्या उकंडाची सून, अंगणवाडीतली. मी बोलतो, ती लिहिते. तिले सेवालाल महाराजाची आण घातली, का मी बोलली थेच लिहायचं, शहाणपण करायचं नाई. (तसंच लिहून राह्यली. बबिता.)

आता कामाचं. फुलसिंगनं तुह्यासाठी पुसदचं स्थळ पाह्यलं. पोरगा नोकरीवर हाय, मिशी बरी हाय. फेब्रुवारीत पाहुणे बोलावतो म्हणते. मी म्हटलं, पोरीले विचारलं का? त त्यानं खिशातला फोन हातात घेतला, पाह्यला, अन् परत खिशात ठेवला.

तुले काय पाह्यजे थे मले सांग. अन् तू तेथी बंगलोरले काय करून राह्यली तेही सांग. बाया विचारतात. मी सांगतो, उजेडाचं काम करते. त्यायले वाटते लाइनमन हाय.

पत्र कापडाच्या कोथळीत घालून तोंड शिवून देतो. माह्या हातची कोथळी हाय, परत पाठवजो.

तुही दादी


बंगळूर
२१ नोव्हेंबर २०२५

दादी,

कान धरते. डावाच धरते, म्हणजे तुझ्यासारखं काही ऐकू येणार नाही.

‘लाइनमन’वर लॅबमधले सगळे हसले, पण आमच्या मॅडम म्हणाल्या, आजी फार चुकल्या नाहीत. ऐक. दोघांना आपसात गुपित बोलायचं असेल तर दोघांकडे एकसारखी किल्ली लागते. अडचण अशी, की ती किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायची कशी? वाटेत कोणी तिचा साचा काढून घेतला तर? आम्ही ती किल्ली उजेडातून पाठवतो. दिव्याच्या झोतातून नाही. एका वेळी उजेडाचा एकच कण, टोपलीतून ज्वारीचा एकेक दाणा सोडावा तसा. प्रत्येक कणाला एक कल असतो: उभा, आडवा, नाहीतर तिरपा. पाठवणारा कसलाही क्रम न ठेवता कल देत जातो. दुसऱ्या टोकाला मी, ते कण टिपायला.

वाटेतल्या चोराला कल आधी माहीत नसतो. त्याने चुकीच्या भिंगातून पाहिलं, की तो कणच वळतो. हळूच पाहून होता तसा परत ठेवला, असं करता येत नाही. दुसरा तसाच बनवूनही ठेवता येत नाही. शेवटी आम्ही दोघं त्यातले थोडे कण उघडपणे ताडून पाहतो, अगदी चारचौघांत. जुळले तर वाट स्वच्छ. खूप चुकले तर कोणीतरी मधे हात घातला. मग ती अख्खी किल्ली फेकून द्यायची.

पाच फेब्रुवारीला मोठी चाचणी आहे. शहराबाहेरच्या टेकडीवरून आमच्या गच्चीवर, सात किलोमीटर. टिपणारं यंत्र मी जोडलंय, दोन वर्षं लागली. त्या दिवशी यंत्रापाशी मी बसले तर पुढचं काम माझं. नाही बसले तर दुसरं कोणी बसेल, आणि ते त्याचं होईल. मला हे पाहिजे, दादी. तू विचारलंस म्हणून सांगते. दुसऱ्या कोणी विचारलंच नाही.

एक विचारू? तुझ्या कोथळीचं तोंड सुतळीने शिवलेलं होतं, आणि भोकं दाभणाची वाटली. तू दाभण कधीपासून हातात घ्यायला लागलीस?

निकिता

(पत्र बबिता काकींच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय.)


तांडा
१० डिसेंबर २०२५

निकिता,

दाभण? मी? मी लाल सुती दोऱ्यानं शिवलं होतं. दाभण अन् सुतळी या घरात एकाच माणसाच्या हातात राह्यते. कापसाच्या जिनिंगमधी बोऱ्यांची तोंडं शिवते थो. तुहा बाप.

मी काई बोलली नाई. जेवताना त्याच्या ताटात एक बाटी जास्त वाढली. तो घाबरला. मी माया केली का तो घाबरते.

आता तुले एक गोष्ट सांगतो, ही बबिताले बी माहीत नाई. माहं लग्न झालं त मी पंधराची. घाटंजीकडून मायनं पत्र धाडलं. तिलेही लिहिता येत नव्हतं, मलेही वाचता येत नव्हतं, मधात सारे शहाणे. सासऱ्यानं मास्तरकडून वाचून घेतलं अन् मले सांगतलं, ‘तुही माय बरी हाय, पाऊस झकास पडला.’ पेरणीचे दिवस होते, माहे हात पाह्यजे होते त्यायले. तीन महिन्यानं समजलं, पत्रात लिहिलं होतं, एकदा तोंड दाखवून जा. मी गेली तेव्हा तोंड पाहाले माय नव्हती.

म्हणून सांगतो, माह्या पत्रात कोणी हात घातला त मी त्याले लेक म्हणून सोडत नाई.

तुह्या उजेडाचं बबितानं तीनदा वाचून दाखवलं. दोनदा समजलं नाई, तिसऱ्यांदा वाटलं, हे त आपल्यालेही जमते. कोथळीचं तोंड आता मी आतून शिवन. अकरा टाके. वरून नुसते ठिपके दिसतीन, टाका अस्तराआड. मायनं देल्लेल्या अकरा कवड्या हाय माह्यापाशी. एकेक टाकतो. तोंड वर पडलं त उभा टाका, पालथी पडली त तिरपा. म्हणजे मलेही आंधी माहीत नाई कोणता कोठी येणार. दोऱ्याले गाठ नाई मारत. एक टाका कापला का सारे सुटून येतात, कोणता कसा होता थे सांगाले काईच उरत नाई. माह्या आठवणीसाठी कमरेच्या दोऱ्यात गाठी मारतो, उभ्याची एक, तिरप्याच्या दोन.

तू तोंड उसवू नको. बाजूची शिवण काप, कोथळी उलटी कर, टाके पाह्य. मग फोन कर. स्पीकर असू दे. मी तीन टाके सांगन, तू ताडून पाह्य. तेव्हापर्यंत माल पोचला राह्यते, सारा तांडा ऐकन त ऐकू दे.

हे पत्र बबिता महागावले मीटिंगले चालली थे तेथल्या पोस्टात टाकते. पुढचं मात्र पह्यल्यासारखं फुलसिंगच्याच हातानं धाडतो. बबितापाशी लपवून कायले देऊ? माह्या नातीले पत्र लिहिणं काई चोरी नाई. चोरी करन त तो करन.

दादी


बंगळूर
२ जानेवारी २०२६

दादी,

तुझी २४ तारखेची कोथळी आली. बाजूची शिवण कापली, उलटी केली, आणि लॅबच्या टेबलावर ठेवून अकराच्या अकरा वहीत उतरवले. मग फोन केला. काय ओरडलीस गं! ‘तिसरा तिरपा! आठवा उभा! दहावा तिरपा!’ बा मागून विचारत होता, हे काय चाललंय, आणि तू म्हणालीस, ‘नवा फेटिया शिवून राह्यली, घागऱ्याची नक्षी सांगतो.’ तिन्ही जुळले. या वेळी कोणी हात घातला नाही.

मॅडमना कोथळी दाखवली. त्या बराच वेळ आतले टाके पाहत होत्या. म्हणाल्या, ‘तुझ्या आजीला एक गोष्ट सांग. चोराला बाजूच्या शिवणीचं कळलं, तर तोही तिथूनच पाहील.’ हे खरं आहे, दादी. तुझ्या कोथळीला बाजू आहे. आमच्या कणाला बाजू नाही. त्याला पाहायचं म्हणजे त्याला धक्का लावायचाच. तेवढाच आमच्यात आणि तुझ्यात फरक.

कवड्यांची युक्ती मात्र त्यांना पसंत पडली. माणूस मनाने क्रम ठरवायला गेला की त्यात त्याची सवय उतरते, म्हणाल्या. कवडीला सवय नसते.

तू लिहिलंस, पाहुणे पाच फेब्रुवारीलाच येणार. बाने मुद्दाम तीच तारीख धरली का? मी एकदाच फोनवर बोलले होते, चाचणी पाचला आहे. स्पीकर होता.

कोथळी उलटीच परत पाठवतेय, टाके आहेत तसे ठेवून. खुंटीला लाव.

निकिता


फुलसावंगी
२१ जानेवारी २०२६

चि. निकितास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, माझी प्रकृती बरी नाही. संक्रांतीच्या दिवशी मी अंगणात पडले. कमरेचे हाड मोडले असून यवतमाळला ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात वयाप्रमाणे सांगता येत नाही. तरी तू चार तारखेच्या आत निघून यावे. मशीनचे काम दुसरे कोणीही करील. पाहुणेही त्याच वेळी येत आहेत, माझ्या डोळ्यांदेखत तुझे व्हावे एवढीच इच्छा आहे. फोनवर विचारू नये, बोलण्याने त्रास होतो. बबिताला वेळ नसल्यामुळे दुसऱ्याकडून लिहून घेतले आहे.

तुझी आजी
रुपीबाई


पोस्टकार्ड. बंगळूर, २९ जानेवारी २०२६

दादी,

मुद्दाम पोस्टकार्डवर लिहितेय. पोस्टमनने वाचावं, बाने वाचावं, पारावरच्यांनी वाचावं.

कोथळी आली. उलटी करून पाहिली. उभा, उभा, तिरपा, उभा, तिरपा, तिरपा, तिरपा, उभा, तिरपा, तिरपा, उभा. माझ्या वहीत डिसेंबरचे टाके आहेत, तेही हेच, एकूणएक. अकरा कवड्या दुसऱ्यांदा तशाच पडायच्या म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस वेळांत एकदा. बाला फोन केला. म्हणाला, निजली आहे. मी विचारलं, पडली का? फोन बंद झाला. बबिता काकी म्हणाल्या, सारं बरं आहे. त्यांचा आवाज बरा नव्हता.

आणि त्या पत्रात तू मला एकदाही टोचलं नाहीस.

हे तुझं पत्र नाही. मी येत नाही. पाच तारखेला मी यंत्रापाशी बसणार. त्या दोन हजारांतली एक वेळ हीच असेल, तू खरंच मला बोलावत असशील, तर जन्मभर मला बोल लाव, मी ऐकून घेईन. पण जे जुळत नाही ते मी खरं मानणार नाही.

निकिता


तांडा
८ फेब्रुवारी २०२६

निकिता,

पोस्टमननं तुहं कार्ड पारावरच वाचलं. तू म्हटलं तसंच झालं. माह्यापाशी पोचाच्या आंधी थे साऱ्या तांड्यानं ऐकलं होतं, अन् काई पोट्ट्यायनं अकरा टाके पाठ बी केले होते.

आता खरं ऐक. मी पडली. संक्रांतीलेच पडली, आंगणात, कापसाच्या ढिगाऱ्यापाशी. हाड मोडलं. यवतमाळले सळई टाकली. एक तारखेले घरी आणलं. म्हणजे त्या कागदावर पडल्याचं लिहिलं होतं थे खोटं नव्हतं.

खाटेवर पडल्या पडल्या मी फुलसिंगले सांगतलं होतं, निकिताले कळू द्यायचं नाई, पाच तारीख होऊ दे. बबिताकडूनही वचन घेतलं. मग दवाखान्यातच कवड्या टाकल्या, कोथळी शिवली, आत पत्र घातलं. त्यात होतं, ‘कोणी काईही सांगो, पाच तारखेच्या आंधी तू जागा सोडू नको.’ फुलसिंगच्या हातात देल्ली. त्यानं तोंड उसवलं, माहं पत्र काढलं, आपलं घातलं. फोनवर बोलला असता त तू ‘दादीले फोन दे’ म्हटलं असतं, म्हणून लिहिलं. शिवाले या वेळेस बारीक सुई घेतली, लाल दोरा घेतला. कोणते टाके घालायचे, त घरी येऊन खुंटीवरच्या कोथळीचे पाहून घातले.

कार्ड आलं त्या दिवशी मी त्याले खाटेपाशी बसवलं. उकंडा होता, बबिता होती, दारात तांडा होता.

‘माह्या कमरेचा दोरा सोड,’ म्हटलं.

‘कायले माय?’

‘सोड. गाठी मोज. एक गाठ उभ्याची, दोन तिरप्याच्या. मोठ्यानं मोज.’

मोजल्या त्यानं. पहिलीच जोडगाठ निंगाली. पहिला टाका तिरपा. दुसरा बी तिरपा. बबितानं कार्ड वाचलं: उभा, उभा. पाचव्यापर्यंत येता येता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो एकदम म्हणाला, ‘मले काय माहीत दर खेपेले वेगळे राह्यतात! जिनिंगमधी एका मालकाच्या साऱ्या बोऱ्यांवर एकच मार्का असते!’

दारातले हसले. मी नाई हसली. त्याले वाटलं, टाके म्हणजे रुपीबाईचा मार्का. एकदा पाहून ठेवला का झालं.

मग तो रागावला. ‘मी खोटं काय लिहिलं? तू पडली नाई? तुले सळई नाई टाकली? बापानं पोरीले खबर द्यायची नाई?’

मी म्हटलं, ‘द्यायची. आपल्या नावानं द्यायची. फुलसिंग म्हणून लिहिलं असतं त मी तुले काईच म्हटलं नसतं.’

‘माह्या नावानं ती आली असती?’

दोरा माह्या उशाले ठेवून तो बाहेर निंगाला.

पाच तारखेले पाहुणे आले. मी खाटेवरूनच रामराम घातला. पोराची आत्या म्हणे, पोरगी कोठी हाय? मी म्हटलं, कामावर. ती म्हणे, आम्ही येणार माहीत होतं नं? मी म्हटलं, तिले कोणी विचारलंच नाई, त माहीत कसं राहीन. चहा घ्या, उन्ह उतरलं का निंघा. पोरगा बरा हाय, चहा पिऊन कप स्वतः विसळला. पण तो कप तुह्या यंत्राले काय कामाचा?

तू नाई आली. बबितानं कार्ड वाचलं तेव्हा दवाखान्यातल्या सळईपासून पहिल्यांदा मले आंगात जीव आल्यासारखं वाटलं. आता सांग, पाच तारखेले काय झालं? अन् लवकर सांग, मले इथी वरचे पत्रे मोजण्याशिवाय धंदा नाई.

दादी

(आजींनी मला वचनात बांधलं होतं. माफ कर. बबिता.)


बंगळूर
१३ फेब्रुवारी २०२६

दादी,

आधी चाचणीचं, कारण तू ते विचारलंस.

अंधार पडायला लागला तसं टेकडीवरून कण सोडायला सुरुवात झाली. धूळ होती, वारा होता. शंभरात तीन चुकत होते. तेवढे चालतात. किल्ली तयार झाली. मॅडमनी टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. मग परीक्षकांपैकी एकांनी वाटेत त्यांचं यंत्र मुद्दाम बसवलं, चोरून पाहणारं. शंभरात पंचवीस चुकायला लागले आणि आमच्या यंत्राने किल्ली द्यायला सरळ नकार दिला. ते गृहस्थ म्हणाले, ‘थोडं सैल करून चालवून घेता येत नाही का?’ सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, ‘नाही.’ एवढंच. ते हसले आणि त्यांनी कागदावर सही केली. पुढचं काम माझं आहे.

आता दुसरं.

तू पडलीस. हाड मोडलं. सळई टाकली. आणि बबिता काकींना माझ्याशी खोटं बोलायला लावलंस. बाने तुझ्या तोंडून बोलून चोरी केली, ठीक. तू काय केलंस? तुझ्या सासऱ्यांनी पेरणीसाठी तुला सांगितलं, माय बरी आहे. तू चाचणीसाठी मला सांगवलंस, दादी बरी आहे. सांग मला फरक. मी आठ दिवस त्या टाक्यांवर विश्वास ठेवून बसले, आणि टाके खरेच बोलत होते, पण तुझ्या त्या खऱ्या पत्रातही सळई नव्हती. ते माझ्या हातात पोचलं असतं तरी मी आंधळीच राहिले असते.

तू मेली असतीस तर?

मला कळलं असतं, तर कदाचित मी आले असते. कदाचित नसते. पण ते मी ठरवलं असतं. बा मला विचारत नाही म्हणून तू त्याच्याशी भांडलीस. तूही विचारलं नाहीस.

२८ तारखेचं तिकीट काढलंय. होळीला येतेय. बाशी बोलायचंय. त्याने आठ वर्षं जिनिंगमध्ये रात्रपाळी करून मला शिकवलं, हे मी विसरले नाही. आणि त्याच्या नावाने मी आले नसते हे त्याला वाटतं, ते मला झोपू देत नाही.

निकिता


तांडा
१९ फेब्रुवारी २०२६

निकिता,

तुहं पत्र बबितानं वाचलं. ‘तू मेली असतीस तर’ इथी ती थांबली. मी म्हटलं, वाच, आण घातली हाय तुले. तिनं वाचलं. मग मी तिले चहा ठेवाले धाडलं, अन् ती आत गेल्यावर तोंड भितीकळे केलं. थे तिनं पाह्यलं असन त पाह्यलं असन. (पाह्यलं. बबिता.)

तुहं खरं हाय. साठ वरसं मी त्या सासऱ्याले मनातून शिव्या देल्ल्या, अन् पाळी आली त त्याच्याच खाटेवर जाऊन बसली. तुले वाचवाले केलं म्हणून काय झालं. त्यालेही वाटत असन, घर वाचवून राह्यलो. मले कबूल हाय. एकदाच कबूल करतो, दुसऱ्यांदा विचारू नको.

आजपासून कायदा असा. दुखलं, पडली, ताप आला, जे असन थे पत्रात येईन. आजचं घे: पाय टेकवतो, चार पावलं चालतो, पाचव्याले शिव्या देतो. उजव्या कुशीवर झोपता येत नाई. भूक हाय. मरत नाई. मरन तेव्हा तुले आंधी कळवन, टाके घालून.

पण कायदा तुलेही. चाचणी असो का यंत्र मोडो का कोणी तुले रडवो, थे मले कळलं पाह्यजे. ‘मी मजेत’ असं लिहिलं त मी बाजूची शिवण कापून पाहीन.

आता तुह्या बापाचं. कार्डानंतर तीन दिवस तो माह्याशी बोलला नाई. पण खाटेचा पाय हालत होता थो ठोकला, उशाले पाण्याचा गडवा ठेवला. तुहं पत्र आलं तेव्हा मी बबिताले म्हटलं, तिच्या शिक्षणाचं, त्याच्या रात्रपाळीचं त्याले वाचून दाखव. तो दारात उभ्या उभ्या ऐकत होता. शेवटची ओळ झाली त बाहेर गेला अन् बैलाले उगाच पाणी दाखवलं. बैल पेला नाई.

काल सांजच्याले त्यानं बबितापाशी कागद मागतला. ती म्हणे, मी लिहून देऊ का? तो म्हणे, मले लिहिता येते. ओट्यावर बसून लिहिलं, गुडघ्यावर कागद ठेवून. चार ओळी असतीन. घडी घालून माह्यापाशी आणला. ‘माय, कोथळीत घाल. खाली माहं नाव हाय.’

मी थे बबिताकडून वाचून घेतलं नाई. मन होत होतं. बबिता कागदाकळे पाहे, मी बबिताकळे पाहो. पण नाई घेतलं. थे तुह्यासाठी हाय. जसं देल्लं तसं आत घातलं. कवड्या त्याच्यासमोरच टाकल्या. त्याले म्हटलं, पाह्य, दर खेपेले वेगळ्या पडतात, मार्का नाई. तो म्हणे, ‘समजलं वं माय, किती दिवस सांगशील.’ म्हटलं, सळई गंजेपर्यंत.

उद्या तोच कोथळी पोस्टात घेऊन चालला. तू उलटी करून पाह्य, फोन कर, मी तीन टाके सांगतो. जुळले त त्याले फोनवर बोलावजो. त्याचं त्याले सांगजो, मले सांगू नको.

अन् होळीचं. तू येतो म्हणते, ये. दिवाळीलेही येतो म्हणत होती. म्हणून तुह्या भरोशावर मी बसत नाई, पार्सल आंधी पाठव. तेथचा म्हैसूरपाक पाठव, तुपाचा, मऊ, जिभेवर विरते थो. मागच्या खेपेसारखा कडक पाठवशील त माहे राह्यलेले दोन दात टाके घालून तुह्याकळे परत येतीन. माहा डबा कापडात शिवजो, अकरा टाके, पैसा उडवून ठरवजो कोणता कसा. फुलसिंगचा डबा वेगळा, वर त्याचं नाव मोठ्या अक्षरात. त्याले टाका एक बी नको घालू. झाकण बी ढिलंच ठेवजो.

दादी